जुना धातू रंगवायला घ्यावा आणि शेवटी मातीच दिसावी, हे कामून होतंय

मावळ्यांच्या छोट्या फिगर, म्हणजे लहान मूर्ती रंगवणाऱ्यांकडून, तलवार घ्या, ढालीवरचे चांद घ्या, चिलखत घ्या नाहीतर तोफ, तक्रार एकच यायलीय. रंग ओला असतोय तवर धातू झकास दिसतो, जुना, वापरलेला, आणि रात्रभर वाळवून सकाळी बघावं तर मावळ्याच्या हातात तपकिरी काठी. मग माणूस रंग बदलतो. गंज अजून भगवा करतो, चंदेरी अजून मारतो, त्यावर परत काळा वॉश, म्हणजे खोबणीत साचणारा पातळ रंग, परत वार्निश, असं थरावर थर चढून चिलखताच्या कड्या, मुठीवरची नक्षी सगळी बुजून जाते आणि फिगर बाजूला पडते. दिवाळीच्या आधी हे जास्त व्हायलंय, कारण किल्ल्यावर मांडायला आता मातीच्या मावळ्यांसोबत थ्रीडी प्रिंटचे, रेझिनचे मावळे पण लोक घ्यायलेत, ७५ मिलिमीटरच्या मावळ्याच्या मिशीचे केस दिसतात राव, आणि पातं मात्र मातीचं.

हे म्हणजे वड्याचं तेल वांग्यावर. बिघाड बहुतेक वेळा रंगात नसतोच, चमकेत असतो. जुनं लोखंड जुनं वाटतं कारण एकाच तुकड्यावर कुठं उजेड घसरतो आणि कुठं उजेड मरतो. सगळीकडं सारखाच घसरला तर खेळण्यातली तलवार, सगळीकडं सारखाच मेला तर माती. रंगाची छटा थोडी इकडंतिकडं झाली तरी डोळा माफ करतो, चमक चुकली तर अजिबात करत नाही.

तर आधी तपासा. खोलीतले दिवे बंद करा, मोबाईलचा टॉर्च एका बाजूनं धरा आणि फिगर हळूहळू फिरवा. पात्यावरून उजेडाची रेघ सरकली पाहिजे. सरकतीय पण रंग पटत नाही, असं असेल तर चमक ठीक आहे, खाली धातू ओळखायचं लिहिलंय ते बघा. कसंही फिरवलं तरी तेच मख्ख तपकिरी, तर चमक मेलीय, आणि ती कोणत्या पायरीला मेली ते शोधायचंय. त्यासाठी मूळ फिगरला हात लावू नका. आईस्क्रीमचे प्लास्टिकचे चमचे घ्या, त्यांच्यावर तोच प्रायमर, म्हणजे रंगाच्या आधीचा पहिला हात मारा, मग एकावर फक्त चंदेरी, दुसऱ्यावर चंदेरी आणि वॉश, तिसऱ्यावर चंदेरी, वॉश आणि वार्निश. मागं मार्करनं लिहून ठेवा नाहीतर उद्या कोणता कुठला कळत नाही. पूर्ण वाळल्यावर शेजारी शेजारी टॉर्चखाली धरा, चोर लगेच सापडतो.

आणि तो बहुतेकदा तिसऱ्या चमच्यावरच सापडतो. मॅट वार्निशमध्ये सिलिकासारखी बारीक पूड असते, वाळल्यावर तिचा डोळ्याला न दिसणारा खडबडीत थर होतो आणि पडलेला उजेड दाही दिशांना विखुरतो. अंगरख्याला, पागोट्याला, चेहऱ्याला हे पाहिजेच, नाहीतर मावळा तेल लावल्यागत चमकतो. पण धातूच्या रंगात अभ्रकाचे नाहीतर ऍल्युमिनियमचे चपटे कण असतात, ते उजेड एका दिशेला परत फेकतात आणि त्याच्यावरच आपला सगळा धातू उभा असतो. वरून मॅट पडलं की कण आहेत तिथंच राहतात, पण त्यांचा उजेड तुमच्यापर्यंत येत नाही. चंदेरीचं राखाडी झालं, पितळेचं मोहरीच्या रंगाचं झालं, असं कोणी सांगितलं की मी पहिलं विचारतो वार्निश कोणतं मारलं.

उपाय म्हणजे क्रम उलटा करायचा. कापड, कातडी, चेहरा हे सगळं आधी रंगवून त्याच्यावर मॅट मारून टाका, आणि धातू शेवटी घ्या. धातूवर वॉश धरून ठेवायला वार्निश लागतंच, तर तिथं सॅटिन, म्हणजे मॅट आणि ग्लॉसच्या मधली चमक, आणि तेही ब्रशनं, जिथं पाहिजे तिथंच. स्प्रेचा डबा सोपा पडतो म्हणून शेवटी सगळ्या फिगरवर एकदा फिरवून द्यायची सवय आहे ना, ती सवयच या तक्रारीचं मूळ आहे.

आता मॅट मारून झालंय, फिगर मेलीय, काय करायचं? खरवडू नका, गरज नाही. ६बी पेन्सिल घ्या, तिचं टोक बारीक पॉलिश पेपरवर घासून काळी पूड काढा, आणि ती पूड बोटाच्या टोकानं नाहीतर इअरबडनं फक्त कडांवर घासा. पात्याची धार, चिलखताच्या पट्ट्यांचे काठ, तोफेच्या तोंडाची कड. ग्राफाइट घासलं की त्याला आपोआप पोलादी चमक येते, आणि खाली मॅट आहे म्हणून ते उलट जास्त चांगलं धरतं. खोबणीत जाऊ देऊ नका, तिथं मॅटच राहू द्या. एवढ्यानं बऱ्याच फिगर परत उभ्या राहतात, आणि नुसतंच काठावर धातूचा रंग ड्रायब्रश करण्यापेक्षा, म्हणजे जवळपास कोरड्या ब्रशनं फिरवण्यापेक्षा, हे खरं वाटतं. फक्त यानंतर परत मॅट मारलं तर आगीतून फुफाट्यात. पितळेला ग्राफाइट चालत नाही, पितळ काळपट पडतं, तिथं पितळी रंगच जवळपास कोरड्या ब्रशनं उंचवट्यावर फिरवायचा आणि मोजक्या ठिकाणी ग्लॉस वार्निशचा ठिपका द्यायचा.

चमक कुठं ठेवायची आणि कुठं मारायची हे पुस्तकात बघून कळत नाही, वस्तू बघायला लागतात, आणि आपल्याकडं त्याची काही कमी नाही. गावाकडं जुनी बैलगाडी उभी असेल तर चाकाची धाव, म्हणजे चाकावरची लोखंडी पट्टी, नीट बघा, अगदी जवळ जाऊन. रस्त्याला टेकतो तो पृष्ठभाग घासून पांढरट चंदेरी, त्यावर आडव्याउभ्या बारीक चरा, खडे लागून पडलेल्या. त्याच लोखंडाची बाजू मात्र गडद तपकिरी, जवळजवळ जांभळी, आणि हात फिरवला तर गुळगुळीत, बोटाला काही लागत नाही. लाकडाला धाव जिथं चिकटते त्या फटीत काळं, कारण धाव तापवून लाल करून बसवतात आणि लाकूड तिथं जळतं. आणि आखाजवळ वंगणाचा काळा ओला डाग, त्याच्यावर धूळ बसून कडेला राखाडी झालेला. एका चाकावर चार प्रकारची चमक आहे बघा, घासलेली, गुळगुळीत, जळकी मॅट आणि तेलकट. तोफगाड्याचं चाक रंगवायला यापेक्षा चांगला नमुना कुठल्या परदेशी व्हिडिओत मिळणार नाही. गाडी बरेच दिवस वापरात नसेल तर घासलेला भाग पण लाल पडलेला असतो, तेव्हा चालती गाडी शोधा, किंवा मग उभ्या गाडीसारखी सोडून दिलेली तोफच रंगवा.

पितळेसाठी देवघरातली समई. चिंचेनं घासलेली समई काठांवर पिवळीधमक, आणि गोल कड्यांच्या खोबणीत हिरवट काळं घट्ट बसलेलं, तेल आणि काजळी आणि कळंक एकत्र. ढालीवरचे पितळी चांद असेच रंगवायचे. चांदाच्या मधोमध चमक, काठाला काळपट हिरवी रेघ, आणि ती रेघ मॅट.

बिदरी काम ज्यांनी जवळून बघितलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. जस्त आणि तांब्याच्या मिश्रधातूचा काळा मॅट थर आणि त्यात चांदीची तार. काळं पडतं ते फक्त मिश्रधातूचं अंग, चांदी तशीच राहते. चांदी एवढी उठून दिसते ती शेजारच्या काळ्या मॅटमुळं. मावळ्याच्या सरदाराला हुक्का दिला असेल तर तो बिदरी रंगवून बघा, फार सोपा आहे, मॅट काळा आणि त्यावर बारीक ब्रशनं चंदेरी, वार्निश नकोच.

आता पांढरट धुरकटपणा. हा प्रकार आपल्याकडं जास्त होतो आणि याला दोन वेगळी कारणं आहेत, लोक दोन्हीला एकच औषध देतात म्हणून बरं होत नाही. पांढरं फक्त खोबणीत, वॉश साचतो तिथं, आणि कडेला रेघ मारल्यागत असेल तर ते पाण्याचं आहे. बोअरचं पाणी जड असतंय हे मराठवाड्यात कोणाला सांगायचं, गिझरचा कॉइल आणि नळाची तोटी बघितली की कळतं. तेच पाणी तुम्ही वॉश पातळ करायला वापरता, पाणी उडून जातं आणि क्षार खोबणीत राहतात, काळ्या वॉशवर तर लगेच दिसतात. खात्री करायची असेल तर काळ्या प्लास्टिकच्या झाकणावर तुमच्या पाण्याचा एक थेंब ठेवा आणि वाळू द्या, पांढरं कडं पडलं की विषय संपला. उपाय इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर, कुठल्याही बॅटरीच्या दुकानात मिळतं, एक कॅन आणला की वर्ष निघतं. आरओचं पाणी पण चालतं, पण आरओ नीट चालतोय का ते त्याच थेंबाच्या टेस्टनं बघून घ्या. आधीच पडलेले डाग असतील तर ओल्या इअरबडनं, तेही डिस्टिल्ड पाण्यानं, हळू टिपून काढा, आणि नाही निघाले तर त्या खोबणीत परत पातळ काळपट तपकिरी भरा.

पांढरं सगळ्या अंगावर सारखं पसरलं असेल, जणू फिगरवर साय धरलीय, तर ते वार्निशचं आहे, आणि ते हवेमुळं. पावसाळ्यात, ऑगस्ट सप्टेंबरला झड लागलेली असते तेव्हा स्प्रे मारला की हवेतली वाफ त्या थरात अडकते आणि पांढरं पडतं. उन्हाळ्यात उलटं होतं. मे महिन्यात दुपारी गच्चीवर ४० च्या वर तापमानात स्प्रे मारला की थेंब फिगरपर्यंत पोचायच्या आधीच हवेत वाळतात आणि पॉलिश पेपरगत खरखरीत थर बसतो. पहिल्याला इलाज आहे, कोरड्या दिवशी वरून ग्लॉसचा एक पातळ हात दिला की बहुतेक वेळा खालचा रंग परत दिसायला लागतो, आणि मग त्यावर सॅटिन. दुसऱ्याला इलाज जवळजवळ नाही, खरखर बारीक पॉलिश पेपरनं ओली घासून काढायची आणि त्यात कडा जाणार. म्हणून उन्हाळ्यात स्प्रे सकाळी लवकर, डबा फिगरपासून वीसेक सेंटिमीटरवर, एका जागी न थांबता. पावसाळ्यात थांबा, दोन दिवसांनी ऊन पडतंच. नाहीतर ब्रशनं लावायचं वार्निश ठेवा घरात, त्याला हवेचं एवढं काही नाही.

ऊन असलं की ब्रशवर रंग वाळतो ही पण तक्रार आहे, त्याला ताटलीत ओला स्पंज आणि त्यावर बटर पेपर, रंग त्या पेपरवर काढायचा, आणि पंख्याच्या खाली बसायचं नाही. बास.

चमक आहे पण दाणे दिसायलेत, चकचकीत भुसा टाकल्यागत, असं असेल तर तो रंग आपल्या मापासाठी नाही. स्टेशनरीत मिळणारा साधा चंदेरी ऍक्रिलिक रांगोळीच्या पाटावर, कागदावर चांगला दिसतो, पण त्यातले कण मोठे असतात, आणि ७५ मिलिमीटरच्या माणसावरचा एक कण म्हणजे खऱ्या तलवारीवर केवढा होईल विचार करा. मॉडेलसाठीचे धातूरंग महाग पडतात, मान्य, पण एक बाटली खूप दिवस पुरते, व्हॅलेहोची मेटल कलर सिरीज एअरब्रशसाठी आहे तरी ब्रशनं पण चांगली बसते, कण एकदम बारीक. ते घ्यायचं नसेल तर साध्या चंदेरीत काळा आणि थोडा तपकिरी मिसळून गडद बेस करा, आणि चमकेचं काम वर सांगितलं तसं ग्राफाइटवर सोडा, स्वस्तात मस्त होतं. आणि धातूरंग नीट हलवा, कण तळाला बसतात, वरवरचं घेतलं तर नुसतं दुधाळ पाणी येतं आणि मग लोक म्हणतात बाटली खराब निघाली. धातूरंगाचे ब्रश धुवायचं पाणी वेगळं ठेवा, नाहीतर तेच कण पुढं पागोट्यात आणि मिशीत चमकायला लागतात, ते काढणं म्हणजे डोक्याला ताप.

आता टॉर्चच्या परीक्षेत पास झालेल्या, पण तरी खोट्या वाटणाऱ्या फिगर. इथं धातू कोणता तेच ठरवलेलं नसतं. जुनं म्हणजे गंजलेलं, गंजलेलं म्हणजे भगवं, हे समीकरण डोक्यात बसलेलं असतं आणि मग पितळेच्या चांदावर पण भगवा गंज चढतो. गंज फक्त लोखंडाला लागतो. पितळ, तांबं, कांसं यांना कळंक लागतो, आधी तपकिरी काळपट होतात आणि मग पाणी साचतं तिथं हिरवट. दौलताबादला वर चिनी महालाजवळच्या बुरुजावर मेंढा तोफ आहे, मागच्या टोकाला मेंढ्याचं डोकं, पंचधातूची म्हणतात. शतकानुशतकं उघड्यावर पडलीय आणि तिच्यावर भगवं काही नाही. परंड्याच्या किल्ल्यावरची मुलूख मैदान तोफ १६३२ मध्ये विजापूरला नेली, ती १५४९ ला अहमदनगरला ओतलेली, तिचंही तेच. तिथं जाऊन फोटो काढायचे तर अख्ख्या तोफेचा एक आणि दहा जवळचे काढा, अक्षरांच्या खोबणीचे, कड्यांच्या खालचे, पाणी ओघळतं त्या रेषेचे. रंगवताना कामाला तेच येतात.

लोखंडी तोफा वेगळ्या. दख्खनच्या किल्ल्यांवर बऱ्याच तोफा ओतलेल्या नाहीत, घडवलेल्या आहेत, लोखंडाच्या लांब पट्ट्या शेजारी शेजारी ठेवून वरून तापवलेल्या कड्या चढवलेल्या. अशी तोफ रंगवायची तर प्रत्येक कडीच्या दोन्ही बाजूंना फट आहे, तिथं पाणी थांबतं, गंज तिथून सुरू होतो. कडीच्या वरच्या गोलाईवर नाही. आणि आपल्याकडची हवा कोरडी, समुद्र लांब, त्यामुळं इथल्या जुन्या लोखंडावर गडद, घट्ट बसलेला तपकिरी थर असतो, पापुद्रे सुटलेला भगवा गंज कमी. तो भगवा कोकणात खाऱ्या वाऱ्याला बघायला मिळतो. नळदुर्गाची तोफ करायची आणि जंजिऱ्याचा गंज लावायचा, असं होऊ देऊ नका.

गंजाचा रंग म्हणून मी बर्न्ट अंबर ऐंशी टक्के धरतो, त्यात थोडा काळा आणि अगदी थोडा जांभळट लाल, हा झाला जुना गंज. बर्न्ट सिएना फटीच्या आसपास ठिपक्यांनी, ब्रशनं नाही, भांड्याच्या घासणीतल्या स्पंजचा तुकडा तोडून त्यानं टिपायचं. भगवा सगळ्यात शेवटी, सगळ्यात कमी, जिथं अलीकडंच पाणी लागलंय तिथं टाचणीच्या टोकाएवढा. लोक उलटं करतात, भगव्यानं सुरू करतात आणि मग तो दाबायला काळा वॉश, त्यातून जो रंग होतो त्याला मी चॉकलेट म्हणतो. हिरव्या कळंकाला पांढरा, निळसर हिरवा आणि चिमूटभर पिवळा, पाण्यासारखा पातळ, फक्त खोबणीत, आणि उंचवट्यावर गेला तर लगेच बोटानं पुसून घ्यायचा. अख्खी तोफ हिरवी केली तर ती बागेतल्या पुतळ्याची वाटते, लढाईतली नाही.

मावळ्याच्या तलवारीवर गंज किती? माझं मत, जवळजवळ नाही. रोज कमरेला असलेलं हत्यार माणूस तेल लावून ठेवतो, खंडेनवमीला शस्त्रं घासूनपुसून पुजतात, गंजलेलं पातं घेऊन कोणी लढाईला जात नाही. तिथं जुनेपण वेगळ्या जागी दाखवायचं. पातं जिथं मुठीत जातं तिथं काळपट तेलकट रेघ, कारण तिथं फडकं पोचत नाही. धारेवर दोनचार बारीक खाचा आणि त्या खाचांत उजळ चंदेरी, कारण त्या ताज्या आहेत. मुठीवर बोटं बसतात तो भाग गुळगुळीत उजळ, आणि परजेच्या वाटीच्या खालच्या बाजूला काळपट, तिथं घाम आणि मळ साचतो. पात्याच्या पाठीला थोडं गडद, धारेकडं उजळ. एवढं केलं तर गंजाचा एक ठिपका न देता तलवार जुनी दिसते. गंज द्यायचाच असेल तर चिलखताच्या कड्यांना द्या, काखेत आणि कमरपट्ट्याच्या खाली, जिथं घाम मुरतो, आणि खांद्यावर कड्या एकमेकांवर घासतात तिथं ग्राफाइट.

ऑइल कलरचा वॉश करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी, कारण यात चमक गुपचूप मरते. एक, धातूरंगावर थेट टर्पेंटाइनचा वॉश दिला की तो कणांच्या मधे शिरून सगळीकडं डाग धरतो, पुसला तरी काळपट झाक राहते. आधी ग्लॉस वार्निश द्या, एक दिवस वाळू द्या, मग वॉश, मग उंचवट्यावरचा पुसून काढा, तो सहज निघतो. आणि खालचा धातूरंगच एनॅमलचा असेल तर टर्पेंटाइन तो उचलूनच आणतं, मधे ऍक्रिलिक वार्निशचा हात पाहिजेच. दुसरं, वॉश वाळून पण खोबणी चकाकायलीय तर ते रंगातलं जवसाचं तेल आहे. ट्यूबमधून काढलेला रंग तासभर जाड पुठ्ठ्यावर ठेवा, पुठ्ठा तेल पितो, मग तोच रंग टर्पेंटाइनमध्ये पातळ केला की मॅट वाळतो. खिडकी उघडी ठेवून हे काम करा, टर्पेंटाइनचा वास डोक्यात जातो.

हेअरस्प्रेवाल्या पद्धतीत, म्हणजे खाली गंज, मधे हेअरस्प्रे, वर रंग आणि मग ओल्या ब्रशनं वरचा रंग खरवडायचा, यात वरचा रंग टवके न पडता अख्खा पापुद्रा होऊन निघत असेल तर तो रंग रबरासारखा थर धरणारा आहे, कापडावरच्या पेंटिंगचे ऍक्रिलिक तसे असतात. टामिया कंपनीचे मॉडेलचे रंग चालतात. आणि वरचा रंग दिल्यावर दुसऱ्या दिवशी खरवडायला बसाल तर निघणार नाही, अर्ध्या-एक तासात उरका.

खरी भुकटी वापरायची तर बाजारातलं पिगमेंट मागवायलाच पाहिजे असं नाही. गेरू म्हणजे लोहाची मातीच, किराणा दुकानात मिळते, तुळशी वृंदावनाला लावतात तीच. मलमलच्या कापडातून दोनदा गाळा, कारण जाड कण राहिले तर फिगरवर खडे दिसतात. नुसता गेरू जास्त लाल पडतो, त्यात निरांजनाची काजळी मिसळा. खरा गंजच पाहिजे असेल तर लोखंडाचा कीस आणा, वाळूजच्या नाहीतर चिकलठाण्याच्या एमआयडीसीत कुठल्याही लेथवाल्याकडं मागितला तर तो हसेल पण देईल. इथं एक जण हमखास अडकतो, कीस मिठाच्या पाण्यात आणि व्हिनेगरमध्ये ठेवला आणि चार दिवस झाले तरी गंजेना. त्यावर कटिंग ऑइल असतं, आधी भांड्याच्या साबणानं दोनदा धुवा. आणि घरातल्या स्टीलच्या घासणीचा प्रयोग करू नका, ती बहुधा स्टेनलेस असते, गंजतच नाही. भुकटी चाळताना तोंडाला रुमाल बांधा.

भुकटी फिगरवर बसवायची ती कोरडी, ब्रशनं ठेवून, आणि मग शेजारी टर्पेंटाइनचा एक थेंब टेकवायचा, तो आपोआप भुकटीत शिरतो. वरून ओतलं तर भुकटी वाहून जाते आणि कडेला रेघ उरते. ओली असताना ती गडद दिसते आणि वाळल्यावर परत फिकी होते, त्यामुळं ओल्यावर बघून अजून टाकू नका, संध्याकाळी टाकली तर सकाळी बघून ठरवा. अशी भुकटी हाताळली की निघते. काचेच्या कपाटातल्या फिगरला चालतं, पण दिवाळीच्या किल्ल्यावर पोरं मावळे उचलून इकडून तिकडं मांडणार, पहाटेचं दव पडणार, तिथं भुकटी देऊच नका. तिथं स्पंजनं टिपलेला ऍक्रिलिक गंज, त्यावर ब्रशनं सॅटिनचे दोन हात, आणि धारेवरचं ग्राफाइट निघालं तर पुढच्या वर्षी परत पेन्सिल फिरवायला दोन मिनिटं लागतात.